इनिशदारा बेटाचा सातबारा

करंजवणे
९ जानेवारी २००५

चि. विद्या,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात वेगळे लिहीत बसत नाही. तुझ्या आईकडून कळलं की तुम्ही डब्लिन सोडून स्लायगो नावाच्या गावी गेलात, तुला तिथल्या औषधांच्या कारखान्यात तपासणीचं काम मिळालं आणि आशुतोष आठवडाभर डब्लिनला मित्राकडे राहून शनिवार-रविवार घरी येतो. तन्वीला नवी शाळा आवडली का ते कळव. पण पत्राचं कारण निराळं आहे. स्लायगो हे नाव ऐकून मी जेवता जेवता उठलो. तुझी प्रभाकाकू म्हणाली, आमटी तिखट झाली का? मी म्हटलं, आमटीचं नंतर बघू, आपली मुलगी आपल्या बेटाशेजारी राहायला गेली आहे.

तुला ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. आपलं करंजवणे संस्थान साडेअकरा गावांचं. सन १८६१ मध्ये राजकन्येचं लग्न झालं. पोलिटिकल एजंट मेजर टेंपलटन हा आयरिश साहेब लग्नाला आला. महाराजांनी त्याला शालजोडी, पागोटं आणि एक घोडा असा आहेर केला. साहेबाच्या कारकुनाने त्याच्या कानात सांगितलं की आहेर घेतला की परतीचा आहेर करावा लागतो, आणि तो कमी पडला तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतं. साहेबापाशी द्यायला काही नव्हतं. त्याला मावशीकडून स्लायगोच्या किनाऱ्यावर एक बेट मिळालं होतं, इनिशदारा नावाचं. ते त्याने मांडवातच लिहून दिलं.

महाराजांनी लगेच मुंबई सरकारला कळवलं की आमची सत्ता आता समुद्रापार आहे, तरी आम्हाला तोफांची सलामी मिळावी. सरकार म्हणालं, भरतीला बुडतं ते बेट नव्हे. महाराजांनी १८७४ साली बापूजी नावाच्या कारकुनाला बोटीने पाठवलं. त्याने भरतीच्या वेळी बेटावर उभं राहून लिहिलं, 'पाणी कंबरेस लागले.' सरकारने विचारलं, कारकुनाची उंची किती? संस्थानाने कळवली. सरकारने विचारलं, पागोट्यासह की पागोट्याशिवाय? तोवर बापूजी वारले होते. पत्रव्यवहार एक्केचाळीस वर्षं चालला. शेवटचं पत्र १९०२ चं आहे: 'प्रकरण विचाराधीन आहे.' ते अजून विचाराधीनच आहे.

मी तलाठी म्हणून लागलो आणि तालुक्याच्या दफ्तरखान्यातून रिटायर झालो. मधली सगळी वर्षं संस्थानाच्या कागदांचे रुमाल माझ्याच हातून सोडले-बांधले गेले. एवढंच एक प्रकरण माझ्या हातून निकाली निघालं नाही. तेव्हा तू तिथे जा आणि भरतीला बेट बुडतं की नाही ते बघून कळव. तुझी उंचीही लिही. या कामापुरती तू करंजवणे संस्थानाची वकील आहेस असं समज. फोन करू नकोस. फोनवर बोललेलं फायलीला लावता येत नाही.

तुझा
शशिकांतकाका


स्लायगो
२ फेब्रुवारी २००५

ती. काका,

नमस्कार. तन्वीला शाळा आवडली आहे. मराठीत विचारलं की ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि ते इंग्लिश इतकं इथलं झालंय की मला दोनदा विचारावं लागतं. माझी उंची पाच फूट तीन इंच. पागोटं घालत नाही.

तुमचं पत्र वाचून आधी मी हसले, मग आईला फोन करून तुमची तब्येत विचारली. ती म्हणाली, 'ठणठणीत आहेत, तू बेट बघून ये, नाहीतर ते मला पत्र लिहितील.' म्हणून रविवारी आम्ही तिघं गेलो.

काका, बेट आहे. ओहोटीला वाळूवरून चालत जाता येतं. आपल्या शाळेच्या मैदानापेक्षा थोडं मोठं, गवताळ, मधे उंचवटा आणि त्यावर एकोणीस मेंढ्या. आम्ही किनाऱ्यावर उभं राहून बोटं दाखवत होतो, तेवढ्यात एक सत्तरीचा माणूस सायकल हातात धरून आला. नाव पॅकी फीनी. मेंढ्या त्याच्या. त्याने विचारलं, "तुम्ही काउन्सिलच्या का?" मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी म्हटलं, "नाही, मी राजाकडून आले."

त्याने टोपी काढली.  मग म्हणाला, "माझा आजा सांगायचा, युअर मॅन इन इंडिया एक दिवस माणूस पाठवील. बाई येईल असं नव्हता म्हणाला, पण ग्रँड." इथे कुणाचाही उल्लेख 'युअर मॅन' असाच करतात, त्यामुळे आपल्या महाराजांच्या मानपानाचं मनाला लावून घेऊ नका. आणि पॅकीला सगळंच ग्रँड असतं. मेंढी मेली तरी ग्रँड. त्याने आम्हाला घरी नेऊन चहा पाजला, तन्वीला केक दिला आणि जाताना मला विचारलं की राजाची तब्येत बरी आहे ना. मी हो म्हटलं. आता पुढे काय करायचं ते तुम्हीच सांगा, कारण माझ्या तोंडून संस्थान परत सुरू झालंय.

तुमची
विद्या


करंजवणे
२४ फेब्रुवारी २००५

चि. विद्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि आवक नोंदवहीत क्रमांक एक म्हणून नोंदलं. ती वही मी कालच सुरू केली. 'काय अवदसा आठवली' हे वाक्य मात्र नकलेतून गाळलं आहे.

महाराजांची तब्येत उत्तम आहे. श्रीमंत यशोधनरावांची टायरची एजन्सी जोरात चालते. मी त्यांना बेटाची बातमी दिली. ते म्हणाले, "काका, तिथे पार्किंग आहे का?" मी म्हटलं, ओहोटीला आहे.

आता नीट वाच. नुसतं किनाऱ्यावरून बोट दाखवून वहिवाट सिद्ध होत नाही. भरतीच्या वेळी बेटावर हजर राहून पंचनामा कर. पंच पाच हवेत, शक्यतो गावातले प्रतिष्ठित. चतुःसीमा लिही. पीकपाहणी कर, म्हणजे बेटावर काय पिकतं, कोण पिकवतं, कधीपासून, ते सगळं. मेंढ्या मोजल्यास ते चांगलं केलंस, पण नर-मादी वेगळे मोजायचे असतात. पंचांच्या सह्या घे. कुणी अंगठा दिला तर डावा घे.

प्रभाकाकू म्हणते, पोरीला समुद्रात उभी करून आजारी पाडाल. अंगात स्वेटर घालून जा. पंचनाम्यात स्वेटरचा उल्लेख नको.

शशिकांतकाका


स्लायगो
२९ मार्च २००५

ती. काका,

पंचनामा सोबत जोडला आहे. काल ईस्टरची सुट्टी होती, त्यामुळे पंच मिळाले. पॅकी स्वतः, चर्चचे फादर, पोस्टवाल्या बाई, आशुतोष आणि तन्वी. तन्वी अज्ञान आहे हे मला माहीत आहे, पण ती रडायला लागली.

चतुःसीमा: पूर्वेस समुद्र, पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस समुद्र, उत्तरेस समुद्र. ओहोटीला पूर्वेस वाळू व पॅकीची सायकल.

भरती चढली आणि आम्ही सहा तास अडकलो. बेट बुडत नाही, काका. उंचवटा कोरडाठाक राहतो. मग बापूजींच्या कंबरेला पाणी का लागलं, तेही आम्हाला कळलं. उंचवट्यावर एडका उभा असतो आणि तो कुणाला वर येऊ देत नाही. फादरना त्याने दोनदा खाली लोटलं. आशुतोष शेवटपर्यंत मांड्यांपर्यंत पाण्यात उभा होता. पॅकी म्हणतो, या जातीचे एडके पहिल्यापासून असेच. म्हणजे मुंबई सरकार एक्केचाळीस वर्षं ज्या पाण्याबद्दल भांडलं, ते बेटावरचं नव्हतंच, बापूजी एडक्याला भिऊन कडेला उभे होते.

पीकपाहणी: बटाटे, दोन वाफे. पॅकीचा आजा लावायचा, मग बाप मार्टिन, मग पॅकी. एक वर्षही खंड नाही.

आता जरा वेगळं. चहाच्या थर्मासवर सहा तास काढले की माणूस मनातलं बोलतो. पॅकीवर केस चालू आहे. इथे सध्या बांधकामाचं वेड लागलंय, जिथे गाय उभी होती तिथे बंगला उभा राहतो. एका कंपनीला इनिशदारावर सुट्टीची घरं बांधायची आहेत. बेट कुणाच्याच नावावर नाही. जुन्या मोजणीत त्यापुढे मोजणीदाराने फक्त लिहून ठेवलंय, 'मुंबईशी पत्रव्यवहार चालू.' कंपनी म्हणते, बेवारस आहे, आम्हाला द्या. पॅकीची वकीलबाई म्हणते, तीन पिढ्यांचा ताबा आहे, त्यावर लढू, पण एखादा कागद असता तर बरं झालं असतं. चौदा ऑक्टोबरला सुनावणी आहे.

पॅकीने लग्न केलं नाही. त्याला घर आहे, सायकल आहे आणि हे बेट. तो म्हणाला, "बेट गेलं तर सकाळी उठून मी जाऊ कुठे?" त्याला ग्रँड म्हणायला विसरलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. तुमच्या रुमालांत फीनी नावाचा एखादा कागद सापडतो का बघाल?

विद्या


करंजवणे
२० एप्रिल २००५

चि. विद्या,

सापडला. आठ दिवस धूळ खाल्ली, खोकला झाला, पण सापडला. रुमाल नंबर चव्वेचाळीस. सन १८६६ ची कबुलायत. मार्टिन फीनी, म्हणजे तुझ्या पॅकीचा खापरपणजोबा असावा, याने करंजवण्याच्या महाराजांचं कूळ म्हणून बेट कसायला घेतलं. खंड दर साल एक मेंढी. खाली फुली आहे आणि 'निशाणी डाव्या हाताची' असं बापूजींच्या आधीच्या कारकुनाने लिहिलंय.

पहिल्या साली मेंढी खरोखर आली. बोटीने मुंबई आणि पुढे बैलगाडीने करंजवणे. इथल्या उन्हात तिचे हाल बघून महाराजांनी खंड कायमचा माफ केला, आणि मेंढीला राजवाड्यात पंखेवाला लावून दिला. ती नऊ वर्षं जगली. तिचा वेगळा रुमाल आहे, हवा तर पाठवतो.

सोबत कबुलायतीची सही-शिक्क्याची नक्कल आणि माझं प्रमाणपत्र. फीनी घराणं एकशे एकोणचाळीस वर्षं कायदेशीर कूळ आहे, घुसखोर नव्हे. वकीलबाईला म्हणावं, असा कागद लंडनलाही मिळणार नाही.

आज मला फार बरं वाटतंय. दफ्तरखान्यात एवढी वर्षं काढली ती कुणाच्या तरी उपयोगी पडली. मिरजेचे पेढे आणून वाटले. कशाचे, ते कुणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगत सुटलो.

शशिकांतकाका


स्लायगो
१४ जून २००५

ती. काका,

हे पत्र लिहायचं मी आठ दिवस टाळत होते.

कबुलायत आम्ही मोठ्या आनंदाने कोर्टात दाखल केली. वकीलबाई जरा कचरत होती, मीच आग्रह धरला. पॅकीने तर तिची फोटोकॉपी काढून येशूच्या तसबिरीखाली लावली. कंपनीच्या वकिलाने ती वाचली आणि त्याचा चेहरा उजळला. तो म्हणाला, म्हणजे बेट बेवारस नाही, राजाचं आहे. आणि फीनी मालकाच्या परवानगीने राहतात. परवानगीने राहणाऱ्याचा ताबा किती का जुना असेना, त्यावरून मालकी सांगता येत नाही. आपला कागद येईपर्यंत पॅकीची बाजू भक्कम होती, काका. ती आपण पाडली.

पुढचं ऐका. कंपनीने महाराजांना शोधून काढलं. तुमच्या प्रमाणपत्रावर पत्ता होताच. महाराजांनी सगळं बेट कंपनीच्या नावे लिहून दिलं आणि बदल्यात कंपनी त्यांना सहकुटुंब आयर्लंडच्या सहलीला आणते आहे.

पॅकी आला. बटाट्यांची पिशवी दारात ठेवून गेला. मला आरडाओरडा चालला असता.

मी तुमच्यावर रागावले आहे आणि स्वतःवरही. तुम्हाला गंमत हवी होती, मलाही हवी होती. आपण एकशे चाळीस वर्षांपूर्वीचे कागद खेळायला काढले आणि त्यात एका म्हाताऱ्या माणसाची सकाळी उठून जायची जागा गेली.

विद्या


स्लायगो
३० जुलै २००५

ती. काका,

सहा आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. आई म्हणते, तुम्ही बोलत नाही, जेवत नाही, नुसते ओट्यावर बसता. मी जास्त लिहिलं असेन तर माफ करा. दोन ओळी लिहा. त्या फायलीला लावण्यासारख्या नसल्या तरी चालतील.

विद्या


करंजवणे
२६ ऑगस्ट २००५

चि. विद्या,

तू जास्त लिहिलं नाहीस. बरोबर लिहिलंस. मी गप्प होतो कारण आधी लाज वाटत होती आणि नंतर कामात होतो.

पहिल्यांदा महाराजांकडे गेलो. म्हटलं, कागद मागे घ्या. ते म्हणाले, "काका, मुलांनी बॅगा भरल्यात." तिथून परत येताना मी चावडीच्या पायरीवर बसलो आणि तिथे मला आठवलं. माझ्यासारख्या माणसाला ते आठवायला महिना लागावा, याचं कारण पुढे सांगतो.

कंपनी काय म्हणते? बेट करंजवणे संस्थानाचं. मान्य. संस्थान ८ मार्च १९४८ ला मुंबई राज्यात विलीन झालं. म्हणजे त्या दिवसापासून इनिशदाराला मुंबई राज्याचे कायदे लागू. आणि मुंबईचा कूळकायदा काय सांगतो? १ एप्रिल १९५७ रोजी जो जमीन कसत होता, तो तिचा मालक. त्या दिवशी तिथे बटाटे कोण लावत होतं? पॅकीचा बाप. तू स्वतः पीकपाहणी केली आहेस, पाच पंचांच्या सह्या आहेत. म्हणजे महाराजांची मालकी अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीच संपली, आणि जे त्यांचं नव्हतं ते त्यांनी सहलीच्या बदल्यात दिलं.

आता मला आठवायला वेळ का लागला ते. हा कायदा आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. तुझे आजोबा संस्थानाचे शेवटचे कारभारी. आपली चौदा एकर होती, विहिरीची. १ एप्रिल १९५७ ला ती कुळाच्या नावे झाली. मी बावीस वर्षांचा, नुकताच तलाठी म्हणून लागलेलो, आणि करंजवण्याचाच सजा, म्हणजे तलाठ्याच्या हाताखालची गावं, माझ्याकडे. मी मामलेदारांना म्हटलं, ही नोंद दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. ते म्हणाले, दुसरा तलाठी कुठून आणू? वडिलांचं नाव मी कंसात घालून रद्द केलं आणि कुळाचं नाव लिहिलं. त्यानंतर मी त्या रस्त्याने कधी गेलो नाही. बेटाचं महाराजांच्या नावे होणं मला का हवं होतं, ते तुला आता कळेल. आमच्या बाजूच्या कुणाचं तरी काहीतरी राहावं, असं वाटत होतं.

पण कायदा माझ्या वडिलांना लागू झाला, तर महाराजांच्या बेटाला का नको?

सध्याच्या तलाठी सुचित्राबाई तरुण आहेत. त्यांनी विचारलं, "काका, गट नंबर काय घालू?" १८६३ च्या गावनोंदीत 'मौजे इनिशदारा, पेटा करंजवणे, सर्व्हे नंबर एक' असं स्वच्छ लिहिलेलं मी त्यांना दाखवलं. त्या म्हणाल्या, जिरायत की बागायत? मी म्हटलं, विहीर नाही, पाऊस वर्षभर, तेव्हा जिरायत. पिकाखाली बटाटे. शेऱ्यात 'भरतीचे वेळी रस्ता नाही.' त्यांच्या कॉम्प्युटरला बेट पसंत पडेना, तेव्हा त्यांनी जुनी फेरफार वही काढली आणि नोंद मलाच लिहू दिली.

रीतसर नोटीस काढून चावडीच्या फळ्यावर लावली: हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. त्या फळ्याखाली महाराज रोज गाडी लावतात. नोटीस मी त्यांच्या नजरेच्या उंचीवर लावली, आणि एक प्रत दुकानात देऊन मॅनेजरची सही घेतली. कुणाला फसवायचं नव्हतं. ती प्रत मी नंतर चहाच्या ग्लासांखाली पाहिली. पंधरा दिवस झाले. हरकत आली नाही. नोंद मंजूर.

सोबत इनिशदाराचा सातबारा. 'फीनी पॅट्रिक मार्टिन' या नावे. भाषांतर तू कर, आणि कुठेही गंमत करू नकोस.

शशिकांतकाका


स्लायगो
२२ ऑक्टोबर २००५

ती. काका,

जिंकलो. आधी हे लिहिते, मग बाकीचं.

सातबारा पॅकीच्या हातात दिला तेव्हा त्याने विचारलं, यात माझं नाव कुठे आहे. मी बोट ठेवलं. म्हणाला, आणि हे मधलं? म्हटलं, तुमच्या वडिलांचं. आमच्याकडे बापाचं नाव घातल्याशिवाय जमीन नावावर होत नाही. तो बराच वेळ ती अक्षरं बघत बसला. त्याच्या बापाचं नाव फक्त थडग्यावर होतं म्हणे, कागदावर कधीच नव्हतं.

चौदा तारखेला मी साक्षीदार म्हणून उभी राहिले, निळी पैठणी नेसून. जजनी चष्मा काढून विचारलं, "हे सेव्हन-ट्वेल्व्ह म्हणजे काय?" मी वीस मिनिटं सांगितलं. ते म्हणाले, "आमच्याकडच्यापेक्षा स्पष्ट आहे." कंपनीचा वकील उठला आणि म्हणाला, भारताचा कायदा स्लायगोत कसा चालेल? तेव्हा जज म्हणाले, "मग भारताचा राजा स्लायगोत कसा चालतो? त्याला आणायचं तर त्याच्या कायद्यासकट आणा. आणि तो नसेलच, तर तुमच्या हातातला कागद कुणी दिला? मग तर या माणसाच्या तीन पिढ्यांच्या ताब्यापुढे तुमच्याकडे काहीच नाही." वकील कंपनीच्या लोकांशी कुजबुजला. बेटावर सार्वभौम सत्ता नक्की कुणाची, हेही ठरवा असं तो म्हणाला, तर जज म्हणाले, ते जेवणाच्या सुट्टीआधी होण्यासारखं नाही. सुट्टीनंतर कंपनीने दावा मागे घेतला.

महाराज सप्टेंबरात येऊन गेले. मी त्यांना जेवायला बोलावलं होतं. बेट दाखवते म्हटलं, तर पाऊस होता, त्यामुळे चारही दिवस हॉटेलात बसून टीव्ही पाहिला. फार खूश होते. बेट गेल्याचं त्यांना मी सांगितलं, तेव्हा म्हणाले, "शशिकाकांनी केलंय ना, मग बरोबरच असेल."

पॅकी तुम्हाला एक मेंढी पाठवायची म्हणत होता. मागच्या मेंढीची गोष्ट सांगून मी थांबवलं. मग त्याने एक विचारलं. तो म्हणाला, "या कायद्याने मला मिळालं. तिकडे कुणाचं गेलं?" मी आजोबांचं सांगितलं. चौदा एकर आणि विहीर आणि तुम्ही लिहिलेली नोंद. तो म्हणाला, "आणि म्हातारा काय म्हणाला पोराला?"

मला माहीत नाही, काका. बाबांनी कधी सांगितलं नाही. काय म्हणाले होते आजोबा?

विद्या


करंजवणे
११ नोव्हेंबर २००५

चि. विद्या,

फाईल बंद केली. १९०२ पासून जे विचाराधीन होतं, त्याचा आता विचार करण्याची गरज नाही, असं मुंबईला मंत्रालयात कळवलं. परवा पोच आली: 'आपले पत्र विचाराधीन आहे.' मी काही उलट लिहिणार नाही. चालू दे त्यांचं.

पॅकीला माझा नमस्कार सांग. त्याच्या प्रश्नाचं उत्तर देतो. हे मी तुझ्या काकूलाही सांगितलेलं नाही.

नोंद लिहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वडील चावडीत आले.  आले ते कुठल्याही खातेदारासारखे आले, पायताण बाहेर काढून. म्हणाले, वही दाखवा. मला अहोजाहो केलं. मी वही पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचलं, आपलं कंसातलं नाव, कुळाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, तारीख, क्षेत्र. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.  वही मिटून ते म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुमचं," आणि निघून गेले. त्या विषयावर आमचं परत बोलणं झालं नाही. सात वर्षांनी ते वारले.

ते मला टोचून बोलले असंच मी धरून चाललो. बापाची जमीन गेली आणि पोराने सुबक अक्षरात लिहिली, असं.

ऑगस्टमध्ये सुचित्राबाईंच्या वहीत पॅकीची नोंद लिहून झाल्यावर मी ती वाचली. बोट ठेवून वाचली. एवढ्या लांबच्या माणसाचं आहे, एक काना चुकला तर उद्या कुणीतरी त्याला त्यावरून बाहेर काढील, म्हणून परत पहिल्यापासून वाचली. आणि मधेच माझं बोट थांबलं. वडील त्या दिवशी हेच करत होते. ते तीस वर्षं कारभारी होते, विद्या. नोंदीत चूक राहिली असती तर कुळाला त्रास झाला असता, आणि नोकरी माझी गेली असती. ते चूक शोधायला आले होते. ती मिळाली नाही, म्हणून तसं सांगून गेले.

मी सत्तर वर्षांचा आहे आणि आज मला त्यांची इतकी आठवण येते आहे की पुढे लिहवत नाही. काकू बरी आहे. तन्वीला पापा.

शशिकांतकाका